जुन्या पोस्टाच्या भिंतीतली फट

एका तालुक्याच्या गावी जुन्या पोस्टात अभ्यासिका सुरू झाली, असं मागच्या अंकात मी दोन ओळींत लिहिलं होतं. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली, की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त पोस्टाचीच पत्रं घेते आहे. माझं या विषयाशी नातं जुनं आहे. वडील सबपोस्टमास्तर होते. बदली होईल त्या गावी आमचं बिऱ्हाड पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत असायचं. पुढे मीही याच खात्यात लागले आणि काउंटरवरूनच निवृत्त झाले.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या गावातलं जुनं पोस्ट बरीच वर्षं कुलपात होतं. घरमालकांच्या नातवंडांनी आता ते अभ्यासिकेसाठी दिलं आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली सकाळी सहापासून येऊन बसतात. दाराशी इतिहासाचा फलक लावायचा आहे, पण हाती कागद एकही नाही. म्हातारी माणसं ‘अठराशे सत्तावन्नचं पोस्ट आहे’ म्हणतात, कोणी म्हणतं इंग्रजांनी बांधलं. समोरच्या भिंतीत पितळी कडा असलेली आडवी फट आहे. बाजूच्या बोळात गजांची लहानशी खिडकी आहे. आतल्या खोलीत फरशीमध्ये चौकोनी खड्डा आहे आणि छताला तुळयांऐवजी आगगाडीचे रूळ आहेत. हे सगळं काय असेल? आणि साल कसं काढायचं?
— एक वाचक, तापीकाठचं गाव, जळगाव जिल्हा

उत्तर : दादा, फलक रंगवायला दिला असेल तर आधी थांबवा. १८५७ हे साल आपल्याकडे कुठल्याही जुन्या वास्तूला चिकटतं. तुमच्या इमारतीकडे तिचे स्वतःचे पुरावे आहेत, आणि त्यातले चार तर तुम्हीच पत्रात लिहून पाठवले आहेत.

पहिली ती फट. ती टपालपेटी होती. भिंतीच्या आतल्या अंगाला लाकडी किंवा लोखंडी पेटी बसवलेली असे. टपाल काढायची वेळ झाली की आतूनच कुलूप उघडून पत्रं काढत. फटीवर पितळी झडप असेल, नसेल तर तिचे खिळे सापडतील. ही झडप पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून असे. शेजारी भिंतीत चार छोटी भोकं आहेत का बघा. तिथे पुढचं टपाल कधी निघणार याची पाटी असायची, वेळेचा तुकडा बदलता येणारी. आणि फटीची खालची कड मधोमध झिजली आहे का, तेही बोट फिरवून पाहा. पत्र टाकल्यावर लोक तिथे हात टेकवून, वाकून, ते आत पडलं का याची खात्री करत. आमच्याकडे तर काही जण पत्र टाकून झाल्यावर खिडकीशी येऊन विचारत, ‘मास्तर, पडलं ना?’ आणि वडील न कंटाळता आत जाऊन बघून येत.

बोळातली गजांची खिडकी बहुतेक तारेची, म्हणजे टेलिग्रामची असणार. पुष्कळ गावांत टपाल आणि तार एकाच छपराखाली होतं. पोस्टाचं पुढचं दार संध्याकाळी बंद होई, पण मरणाची तार वेळ बघून येत नाही. अशा वेळी लोक बाजूच्या खिडकीशी येऊन हाक मारत. खिडकीच्या वर, वळचणीखाली, भिंतीत बारीक भोकं आणि पांढरे चिनीमातीचे गट्टू दिसतात का पाहा. तारेच्या ओळी तिथून आत येत. आत जवळपास भिंतीतलं एखादं कपाट असेल आणि त्याच्या तळाशी पांढरट खार धरलेला असेल, तर ते बॅटऱ्यांचं कपाट समजा. त्या काळच्या बॅटऱ्यांत नवसागराचं पाणी असे आणि ते सांडून असे डाग पडत. तुमचा भाग कापसाचा. हंगामात मुंबईच्या भावाच्या तारा याच खिडकीतून व्यापाऱ्यांच्या हाती गेल्या असतील. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून देशभर बंद झाली. तेव्हा तुमच्या अभ्यासिकेतल्या पोरांपैकी बहुतेकांनी तार डोळ्यांनी पाहिलेली नाही. फलकावर या खिडकीला जागा द्याच.

खड्डा तिजोरीचा आहे. पोस्टाची लोखंडी तिजोरी फरशीत किंवा भिंतीत चिणून, पक्क्या बांधकामात बसवायची पद्धत होती, म्हणजे चोराला ती उचलून नेता येऊ नये. मोठ्या कचेऱ्यांत तिला दोन कुलपं असत, एक किल्ली पोस्टमास्तरांकडे आणि दुसरी खजिनदाराकडे. पोस्ट दुसरीकडे गेलं तेव्हा तिजोरी खणून काढली आणि खड्डा राहिला. मास्तरांचं बिऱ्हाड पोस्टाच्या पाठीला असण्याचं कारणही हेच. रोकड, तिकिटं, रजिस्टर पत्रं, मनिऑर्डरचे पैसे रात्रभर तिथेच असत. मला आठवतं, आई रात्री निजायच्या आधी स्वयंपाकघराची कडी लावी आणि मग पोस्टात उघडणाऱ्या मधल्या दाराची कडी हात लावून तपासून येई. नोकरी वडिलांची, पण राखण सगळ्या घराची होती. तुमच्या इमारतीत असं मधलं दार विटांनी बुजवलेलं असेल. भिंतीवर गिलाव्याचा रंग कुठे वेगळा दिसतो ते शोधा.

आता साल. यात आधी एक गाठ सोडवा : गावात पोस्ट कधी आलं आणि ते या इमारतीत कधी आलं, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. खेड्यापाड्यातलं पोस्ट म्हणजे बिऱ्हाडकरू. भाड्याच्या घरात उघडायचं, जागा अपुरी पडली किंवा घरमालकाच्या मुलाचं लग्न निघालं की दुसऱ्या घरात जायचं. ‘इंग्रजांनी बांधलं’ हे म्हणूनच जपून म्हणा. मोठ्या शहरांतल्या हेड पोस्टाच्या इमारती सरकारने बांधल्या. तालुक्याच्या गावांतली कितीतरी पोस्टं मात्र तुमच्या-माझ्यासारख्यांच्या आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या घरांत होती.

संपूर्ण देशाला एकच दर लावणारी टपालव्यवस्था १ ऑक्टोबर १८५४ पासून सुरू झाली. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. खानदेशातलं टपाल तेव्हा पायी धावणाऱ्यांच्या खांद्यावरून जाई. भुसावळपर्यंत आगगाडी १८६०च्या दशकात आली, आणि सुरतेकडून नंदुरबार-अमळनेरवरून येणारा तापी खोऱ्यातला मार्ग १९००च्या सुमारास पुरा झाला. धुळ्याला चाळीसगावहून फाटा आला तोही १९०० मध्येच. तुमच्या छताचे रूळ इथे कामाला येतात. शिडी लावून रुळाच्या उभ्या अंगावरचा गंज ब्रशने हलकेच झाडा. रूळ घडवतानाच त्यावर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं. मात्र ते साल रुळाचं. आगगाडीने वापरून टाकून दिल्यावर तो लिलावात घेतला जाई, म्हणजे इमारत त्यानंतरची, बरेचदा बऱ्याच वर्षांनंतरची. छतावर मंगळुरी कौलं असतील तर एखादं सुटं कौल उलटून पाहा, पाठीवर कारखान्याचा छाप असतो. मंगळूरला असा पहिला कारखाना १८६५ मध्ये निघाला, तेव्हा छाप कुठलाही असो, कौल त्याच्या आधीचं नाही.

जुना पत्र्याचा फलक अडगळीत सापडला तर तोही साल सांगतो. त्यावर सहा आकडी पिनकोड असेल तर फलक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. ‘डाक-तार विभाग’ असं एकत्र लिहिलेलं असेल तर बहुधा १९८५च्या आधीचा, कारण त्या वर्षी टपाल आणि दूरसंचार ही दोन खाती वेगळी झाली. जिल्ह्याचं नाव ‘पूर्व खानदेश’ असेल तर तुम्हाला खजिनाच सापडला म्हणेन मी. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती नावं जाऊन जळगाव आणि धुळे ही नावं रूढ झाली.

कागद एकही नाही म्हणता, त्यावर माझा विश्वास नाही! तुम्ही पोस्टाकडे कागद शोधत आहात, ते घरमालकांकडे शोधा. भाडं दर महिन्याला येत होतं ना? मग ते त्यांच्या कीर्द-खतावणीत जमा झालेलं असणार. ‘पोस्टाचे भाडे’ अशी पहिली नोंद ज्या वर्षी दिसेल, ते वर्ष फलकावर बिनधास्त घाला. भूमी अभिलेख कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, जुने फेरफार मागा, नगरपरिषदेत घरपट्टीच्या जुन्या आकारणी वह्या असतील तर त्या पाहा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड खानदेशावर आहे, १८८०चा. तो इंटरनेटवर वाचता येतो आणि त्या काळच्या दळणवळणाची, टपालाचीही माहिती त्यात आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गावातल्या जुन्या घरांत पत्रांची तार शोधा. पूर्वी आलेलं पत्र वाचून झालं की आकड्यासारख्या वाकवलेल्या तारेत खोचत आणि ती तार आढ्याला टांगत. अजूनही धाब्याच्या घरांत, धुळीने माखलेल्या, अशा तारा मिळतात. जुन्या पाकिटांवर बरेचदा दोन शिक्के असत, एक पत्र निघालेल्या कचेरीचा आणि दुसरा, पाठीवर, पोहोचलेल्या कचेरीचा. तुमच्या गावाच्या नावाचा सर्वांत जुना शिक्का ज्या पत्रावर दिसेल, त्या दिवशी गावात पोस्ट होतं हे सिद्ध झालं. शिक्क्यात गावाच्या नावापुढे शाखा कचेरीची खूण आहे की उपकचेरीची, हेही बघा. शाखेची उपकचेरी झाली की काम वाढतं, माणसं वाढतात आणि पोस्टाला मोठं घर लागतं. तुमच्या इमारतीतला मुक्काम त्याच सुमाराला सुरू झाला असण्याचा संभव बराच आहे.

पत्रांचा मजकूर मात्र लोकांचा खासगी आहे. फोटो काढाल ते शिक्क्यांचे काढा, पत्र घरच्यांना परत द्या.

प्रश्न : मी बांधकामाची छोटी कंत्राटं घेतो. एका गावी जुन्या पोस्टाची दुरुस्ती करून तिथे वाचनालय करायचं काम मिळालं आहे. भिंतींना खालून ओल आहे, गिलावा सुटतो. सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट मारावा, कौलं उतरवून पत्रे टाकावेत, असा विचार आहे. खर्चही कमी येतो. चालेल ना?
— धुळे

उत्तर : भाऊ, आधी विचारलंत हे फार बरं केलंत. माझं ऐकाल तर तिन्ही गोष्टी करू नका.

जुनी भिंत चुन्यात बांधलेली आहे. ती जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत सोडून देते. वरून सिमेंट आणि त्यावर ऑइलपेंट चढवलात, की ओलीची वाट बंद होते. मग ती भिंतीतच वर चढत जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचे पापुद्रे विटांचा भुगा घेऊन सुटतात. आधी पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं ते बघा. बाहेरचा रस्ता दर वेळी डांबर टाकून उंच होत गेला असेल आणि पाणी जोत्याशी साचत असेल, तर ओलीचं मूळ तिथे आहे. ते पाणी वळवा, मग चुन्याचा गिलावा आणि वर चुनाच. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी झालेत, पण आहेत. जुन्या वाड्यांची, देवळांची कामं करणाऱ्यांना विचारलंत तर मिळतील.

पत्र्यांचं तर मनातही आणू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला जातो. पत्र्याखाली दुपारी बारा ते पाच माणूस बसू शकत नाही, मग वाचनालय कोणासाठी? कौलांखालची हवा तापून वर जाते आणि आढ्याजवळच्या झरोक्यांतून निघून जाते. ते झरोके कबुतरांमुळे कोणी बुजवले असतील तर मोकळे करून जाळी लावा. फुटकी कौलं बदला, वासे वाळवीने खाल्ले असतील तेवढे बदला.

आणि आता माझी एक विनंती. काउंटरच्या खिडकीजवळची भिंत किंवा खांब खरवडायच्या आधी नीट बघा. साधारण छातीच्या उंचीवर निळे-काळे डाग असतील, एकावर एक चढलेले. ते अंगठ्याचे आहेत. मनिऑर्डर घ्यायला आलेल्या माणसाला सही येत नसेल तर शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून फॉर्मवर उठवायचा, आणि बोटाला राहिलेली शाई जवळच्या भिंतीला पुसायची. मनिऑर्डर आपल्याकडे १८८० साली सुरू झाली. आपल्या भागातले पुरुष सुरतेला, मुंबईला कामाला जात आणि महिन्याचे पैसे पोस्टाने येत. पोस्टमन घरी पैसे नेऊन देई, पण ज्यांना धीर निघत नसे त्या बाया स्वतःच पोस्टाशी येत. ‘मनी मनिऑर्डर उनी का रे भाऊ?’ (माझी मनिऑर्डर आली का?) हे वाक्य मी खिडकीच्या आत बसून इतक्या आवाजांत ऐकलं आहे, की आजही डोळे मिटले तर आवाजावरून गाव सांगेन. आली नसेल तर ‘नाही आली’ म्हणणं फार जड जाई. काही जणी तिथेच ओट्यावर पुढचं टपाल येईपर्यंत बसून राहत.

त्या बायांची नावं कुठल्या फलकावर येणार नाहीत. त्यांनी त्या इमारतीत ठेवलेली खूण एवढीच आहे. तेवढा हातभर भाग तसाच सोडा, वर काचेची चौकट लावा. पलीकडे गोंदाच्या भांड्याचं टेबल असेल तिथल्या भिंतीवर वाळलेल्या गोंदाचा जाड, पिवळट थर असतो. तो काढलात तर माझी हरकत नाही, मुंग्या येतात.

प्रश्न : आमच्या गावी जुन्या पोस्टात आता बचतगटाचं कार्यालय आहे. भिंतीतल्या फटीतून लोक अजूनही पत्रं टाकतात. मागच्या महिन्यात एक कॉलेजचा अर्ज निघाला. फट सिमेंटने बुजवून टाकू का?
— नंदुरबार जिल्हा

उत्तर : बुजवू नका, ताई. आतून लाकडी फळी ठोका, म्हणजे पत्र आत जाणारच नाही. बाहेर मोठ्या अक्षरांत ‘ही टपालपेटी बंद आहे’ असं लिहा आणि चालू पेटी कुठे आहे ते बाण काढून दाखवा. आतापर्यंत सापडलेली पत्रं न उघडता पोस्टात नेऊन द्या, त्याच दिवशी. कोणाचा तरी अर्ज, कोणाची तरी राखी असते.

प्रश्न : मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. परदेशात जुन्या पोस्टांची आलिशान हॉटेलं झाली आहेत. इमारत वाचते, पण पोस्ट म्हणून तिच्यात काय उरतं? अशा नव्या वापराला तुम्ही जतन म्हणाल का?
— जळगाव

उत्तर : तुझ्या प्रश्नाने मला विचारात पाडलं. दोन उदाहरणं देते, दोन्ही प्रसिद्ध आहेत.

सिंगापूरची फुलर्टन इमारत १९२८ची. तिथे देशाचं मुख्य टपालघर होतं, ते १९९६ मध्ये हललं आणि २००१ पासून तिथे हॉटेल आहे. खांबांची भव्य दर्शनी बाजू जशीच्या तशी आहे. दुसरी इमारत वॉशिंग्टनची, १८९९ साली पुरी झालेली, उंच घड्याळाच्या मनोऱ्याची. तिची गोष्ट मला जास्त शिकवते. शहराचं मुख्य पोस्ट तिथे जेमतेम पंधरा वर्षं होतं. १९१४ मध्ये ते रेल्वे स्टेशनाशेजारच्या नव्या इमारतीत गेलं. उरलेल्या शंभराहून अधिक वर्षांत तिथे सरकारी कचेऱ्या आल्या, ती पाडायचे बेत झाले, नागरिकांनी ते हाणून पाडले, दुकानं आली, २०१६ मध्ये हॉटेल झालं. पण लोक तिला आजही ‘जुनं पोस्ट’च म्हणतात. आणि १९१४च्या त्या नव्या इमारतीतूनही पुढे पोस्ट हललं, तिथे १९९३ पासून टपालाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

आपल्याकडेही हेच होतं. पोस्ट दुसऱ्या पेठेत जाऊन पिढी उलटली तरी रिक्षावाला ‘जुन्या पोस्टाजवळ’ म्हटलं की बरोबर नेऊन सोडतो. म्हणजे नाव टिकवायला तुला काही करावं लागत नाही, गाव ते सांभाळतं. तुला सांभाळायचं आहे ते काम. त्या इमारतीत माणसं काय करत होती, हे नुसतं बघून कळलं पाहिजे. रांग कुठे उभी राहायची, खिडकी किती उंच होती, थैल्या कुठल्या दाराने यायच्या, त्यांना सील करायची लाख कुठे वितळवायची. हॉटेलात गेलेला माणूस उंच छताकडे बघून निघून येतो. अभ्यासिकेत बसलेली मुलगी रोज त्याच खिडकीखाली बसते, तिला आज ना उद्या प्रश्न पडतो. म्हणून माझा कौल आपल्या अभ्यासिकांना आणि वाचनालयांना आहे. पोस्टात कोणालाही, कधीही, न विचारता येता येत असे. नव्या वापरात तेवढं दार उघडं राहिलं, तर मी त्याला जतन म्हणेन. ते बंद झालं तर दर्शनी भाग कितीही चकचकीत ठेवला तरी म्हणणार नाही.

तुझ्या प्रकल्पासाठी एक काम सुचवते. तालुक्याच्या एखाद्या जुन्या पोस्टाचा नकाशा काढ आणि त्यावर एका पत्राची वाट आख, फटीतून पेटीत, पेटीतून शिक्क्याच्या टेबलावर, तिथून सॉर्टिंगच्या खणात, थैलीत, मागच्या दारातून टांग्यात. मग दुसऱ्या रंगाने मनिऑर्डरच्या पैशांची वाट आख. या दोन वाटा कुठे एकमेकींना छेदतात ते पाहिलंस की भिंती तिथेच का आहेत ते कळेल. बघ, पैशांची वाट रांगेच्या नजरेआड ठेवलेली असते.

प्रश्न : माझे वडील रेल्वेच्या टपाल डब्यात सॉर्टर होते. जुन्या पोस्टातून निघालेलं खणाखणांचं एक लाकडी कपाट भंगारवाल्याकडे पाहिलं, वडिलांची आठवण येऊन घेतलं. ते काय आहे आणि त्याचं काय करू?
— भुसावळ

उत्तर : दादा, ते सॉर्टिंग केस आहे. प्रत्येक खण एका गावाचा किंवा एका मार्गाचा. खणांच्या खाली पट्टीवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. एकावर एक चढलेल्या चिठ्ठ्यांचे थर कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने हळूहळू सोडवलेत तर खालची गावं निघतील, आणि त्या क्रमावरून ते कपाट कुठल्या पोस्टाचं, टपाल कुठल्या दिशेने जाई, हे कळेल. पॉलिश करायच्या आधी हे करा.

तुमच्या वडिलांचं काम फार अवघड होतं. धावत्या डब्यात, उभ्याने, रात्रभर दिव्याच्या उजेडात पत्ते वाचायचे आणि पुढचं स्टेशन येण्याआधी थैली बांधून लाख लावून तयार ठेवायची. भुसावळला मुंबईची, नागपूरची, इटारसीची आणि सुरतेची टपालं एकत्र येत. एक हात चुकला तर अमळनेरचं पत्र अमरावतीला जाई. पिनकोड १९७२चा, त्याआधी सगळी गावं सॉर्टरच्या डोक्यात असत. एका नावाची चार-चार गावं, कुठलं कुठल्या तालुक्यातलं ते पाठ. गाडीच्या टपाल डब्यालाही पत्र टाकायला फट असे. पोस्टातली थैली निघून गेलेली असली तर लोक जादा तिकीट लावून पत्र थेट डब्यात टाकत. गाडी सुटता सुटता धावत येऊन पत्र टाकणारी माणसं वडिलांनी रोज पाहिली असतील. ते हयात असतील तर त्यांच्याशेजारी बसून हे सगळं लिहून घ्या. कोणत्या गाडीला कोणती थैली, कुठे उतरवायची, इतकं बारीक लिहा.

कपाट घरी शोभेला ठेवू नका, असं मला मनापासून वाटतं. जवळच्या कुठल्याही वाचनालयाला द्या, वर्तमानपत्रं आणि मासिकं ठेवायला ते उत्तम आहे. अट एकच घाला, खणांवरची गावांची नावं काढायची नाहीत.

प्रश्न : आमच्या मालकीच्या घरात पूर्वी पोस्ट होतं. माळ्यावर पितळी तारखेचा शिक्का, लाखेवर उठवायचा ठसा आणि काही कोरे छापील फॉर्म सापडले. नव्या दुकानात शोकेसमध्ये मांडले तर चालतील का?
— चोपडा तालुका

उत्तर : कोरे फॉर्म मांडा, खुशाल. शिक्का आणि ठसा मात्र खात्याची मालमत्ता आहे. पोस्ट हलताना ते जमा व्हायला हवे होते, कारण त्यांचा गैरवापर होऊ शकतो. आधी दोन्हींचे स्वच्छ ठसे एका कोऱ्या कागदावर उठवून घ्या, त्यावर ‘संग्रहासाठी’ असं आडवं लिहा, आणि तो कागद चौकटीत लावा. मग एका साध्या अर्जासह शिक्का आणि ठसा जिल्ह्याच्या डाक अधीक्षकांच्या कार्यालयात जमा करा आणि पोच घ्या. अर्जात घराचा पत्ता आणि पोस्ट तिथे कोणत्या वर्षांत होतं ते लिहायला विसरू नका. तुमच्या घरात पोस्ट होतं याची लेखी नोंद त्या निमित्ताने सरकारी दप्तरात होईल, आणि पोच घरमालकांच्या कागदांत सांभाळून ठेवा.